दोघांच्या नावाचा अर्ज

जुनो, २६ जानेवारी

बाबा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर हे पत्र न फोडताच शेगडीत गेलं असतं, म्हणून पत्ता रुबेनकडून लिहून घेतला आहे. रुबेन अकिनो माझा साहेब. त्याचं अक्षर डॉक्टरासारखं आहे, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल दवाखान्यातून काहीतरी आलं. आता फोडलंच आहे तर वाचा. शेगडी कुठे पळून जात नाही.

सहा वर्षं झाली. दर नाताळला तुमचं कार्ड येतं आणि छापील मजकुराखाली नुसतं 'ओ. टोलफसन' असतं, बँकेला पाठवल्यासारखं. मीही तसंच पाठवते. क्रेग, तुमचा जावई, बरा आहे. इथे पाऊस आहे, तो कायमचाच, त्याचं काय लिहायचं. तुमच्याकडे डेल्टाला उणे चाळीस असेल आणि तुम्ही बोडक्याने लाकडं फोडत असाल. टोपी घाला.

मुद्द्यावर येते. आज सकाळी माझ्या टेबलावर एक विधेयक आलं. तुमच्याच भागातल्या आमदार ग्लेना मॅडॉक्स यांनी मांडलंय. वय पंचाहत्तरच्या पुढे, आणि बायसनच्या शिकारीच्या सोडतीत पंचवीस वर्षं अर्ज भरूनही एकदाही परवाना हाती आला नाही, अशा माणसाला सोडतीशिवाय एक परवाना. आयुष्यात एकदाच. वाचता वाचता मला हसू आलं. बाई तुम्हाला समोर बसवूनच लिहीत होत्या की काय? तुम्ही एकोणऐंशीचे. एकतीस वर्षं अर्ज भरताय. तितकीच वर्षं बायसनांनी तुमची बार्ली तुडवली नि खाल्ली, आणि दर हिवाळ्यात तुमचं एकच पालुपद, "त्यांनी माझं खाल्लं, आता एकदा माझी पाळी."

कायदा कुणीही मांडो, त्याने तिजोरीत काय येईल नि तिजोरीतून काय जाईल हे सांगणारी टिपणी आमच्या कचेरीतून जाते, आणि शिकारीची विधेयकं माझ्या वाट्याला येतात. हे तुम्हाला सांगायला नको. अशाच एका टिपणीने तुमची खुर्ची गेली. बावीस हिवाळे तुम्ही हायवेवरच्या तपासणीच्या खोपटात बसलात, शिकाऱ्यांचे परवाने बघितलेत, वय कळावं म्हणून मारलेल्या बायसनचे जबडे मोजलेत, गारठलेल्या माणसांना कॉफी पाजलीत. ते खोपटं बंद केलं तर वर्षाला अठरा हजार चारशे डॉलर वाचतात, असं त्या टिपणीत लिहिलं होतं, आणि खाली माझं नाव होतं.

आकडा बरोबर होता. आजही मी तोच लिहीन. पण टिपणी लिहून चार दिवस झाले असताना मी ईस्टरला तुमच्याकडे आले, तुमच्या हातची रानातल्या आंबट क्रॅनबेरीची चटणी दोनदा वाढून घेतली, आणि तुम्ही खोपटाला पुढच्या हिवाळ्याआधी नवं धुराडं बसवायच्या गोष्टी करत होतात तेव्हा मान डोलवत बसले. आठवड्याने तुम्ही पेपरात वाचलंत. चुकली ती टिपणी नव्हे, बाबा, ती मान.

म्हणून या वेळी आधी सांगते आहे. फक्त टिपणी जाहीर होईपर्यंत त्यातलं अक्षरही बाहेर जाऊ द्यायची आम्हाला बंदी असते. तेव्हा लिहून ठेवते, आणि जाहीर झाली की त्याच तासाला सगळं टपालात टाकते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्हाला कळू द्यायचं नाही, एवढं ठरवलंय.

आर्डिस


जुनो, २८ जानेवारी

बाबा,

काल रुबेनला म्हटलं, "माझ्या वडिलांना याचा फायदा होईल. टिपणी दुसऱ्या कुणाकडे दे."

तो म्हणाला, "ज्याच्या घरात कुणीच बायसनचा अर्ज भरत नाही असा माणूस या राज्यात शोधायला निघालो, तर टिपणी पुढच्या अधिवेशनात जाईल. माझी सासू भरते, आणि तिला बंदूक कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नाही. तू लिही, मी एकेक आकडा तपासतो."

मग बसले. पंधरा हजारांवर अर्ज, शंभराच्या आत परवाने. शिकारीचं खातं जिंकणाऱ्यांवर चालत नाही, हरणाऱ्यांवर चालतं. तुम्ही दर वर्षी अर्जाचे दहा डॉलर भरता, हरता, आणि त्यातून बायसनांसाठी कुरण राखलं जातं. म्हणजे तुमची बार्ली खाऊन पुन्हा जेवण तुमच्याच पैशाने. शिवाय राज्याने असा एक डॉलर मिळवला की केंद्र त्यावर तीन घालतं. तेव्हा तुमच्यासारखी जुनी मंडळी परवाना घेऊन रांगेतून उठली की त्यांचे दहाच नाही, मागचे तीसही जातात. त्यात वनरक्षकांचं जादा काम. हे सगळं मांडायला आधी माणसं मोजावी लागतात. मोजली. एकशे सात.

विधेयकात एक शब्द होता, 'स्वतंत्र अर्जदार'. म्हणजे जे दोघं मिळून गटाने अर्ज भरतात ते वेगळे काढायचे. गटाच्या अर्जाला दोघांच्या सह्यांचा कागद लागतो, आणि जुने कागद अजून खोक्यांतच आहेत. म्हणून मी तळघरात जाऊन खोकी काढली. टी अक्षरापाशी तुमचं नाव सापडलं. त्याच्याखाली दुसऱ्या अर्जदाराची जागा असते. तिथे माझं नाव होतं.

पहिला कागद मला आठवतो. मी चौदा वर्षांची होते. आई तव्यावर आंबवलेल्या पिठाचे पॅनकेक घालत होती, तुम्ही म्हणालात, "सही कर पोरी, आपण दोघं मिळून एक बायसन आणू," आणि मी केली. तेव्हा मी माझ्या नावातल्या 'आय' अक्षरावर टिंबाच्या जागी छोटा गोल काढायची. मला वाटलं होतं ते त्या एका वर्षापुरतं होतं.

एकतीस कागद आहेत, बाबा. सगळ्यांवर माझी सही, आणि सगळ्यांवर तो गोल. मी विशीत आल्यावर गोल काढणं सोडलं. तुम्ही नाही सोडलंत. ज्या वर्षी खोपटं गेलं त्या वर्षीचाही कागद आहे, चौदा डिसेंबरचा. माझ्याशी बोलणं टाकून तेव्हा आठ महिने झाले होते. मी तो कागद किती वेळ हातात धरून बसले ते सांगत नाही. तळघरात हीटर नाही, एवढंच सांगते. पाय बधिर झाले होते.

आणि आणखी एक. एकोणीस वर्षांपूर्वीच्या कागदावर शिक्का आहे: 'क्रमांक लागला. शिल्लक परवाना एक, मागणी दोन. पुढील अर्जदारास दिला.' तुमचा नंबर लागला होता! एकटे असतात तर त्याच हिवाळ्यात तुम्ही बायसन आणला असता. तुम्हाला घरी पत्रही गेलं असणार. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत, आई होती तेव्हा, तिलाही सांगितलं नसेल, नाहीतर तिच्या पोटात राहिलं नसतं. आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा माझं नाव. याला काय म्हणावं?

वर आले. रुबेनला सांगायलाच हवं होतं, सांगितलं, "माझं स्वतःचं नाव वडिलांच्या अर्जात आहे." त्याने चष्म्यावरून बघितलं नि विचारलं, "सह्या तुझ्या?" दुसऱ्याची सही करणं गुन्हा आहे हे बावीस वर्षं परवाने तपासणाऱ्या माणसाला मी शिकवायचं का? मी म्हटलं, "हो, माझ्याच."

तेवीस वर्षांच्या नोकरीत मी एक खोटा आकडा लिहिलेला नाही. हे पहिलं खोटं. तुमच्या पायी. टोपी घाला.

आर्डिस


जुनो, ३१ जानेवारी

बाबा,

टिपणी दुपारी दोनला जाहीर झाली. प्रत सोबत आहे, पण तुम्ही छोटी अक्षरं वाचत नाही, म्हणून सांगते. पंचाहत्तरच्या पुढचे आणि पंचवीस वर्षं हरलेले एकशे सात. त्यातले गटाने अर्ज भरणारे त्रेचाळीस, विधेयकाच्या शब्दाप्रमाणे वगळले. उरले चौसष्ट. वर्षाला साडेएकतीस हजारांचा बोजा.

चौसष्टांत तुम्ही नाही.

तुमच्यासाठी बेतलेला कायदा, आणि तुम्हीच त्याच्या बाहेर, का, तर एकतीस वर्षं माझं नाव घालत आलात. 'स्वतंत्र' शब्दाचा अर्थ जरा सैल लावला असता तर कुणी विचारलं नसतं. मी तो सैल लावला नाही. मागच्या वेळी खरं लिहून गप्प बसले होते. या वेळी खरं लिहिलंय आणि गप्प बसणार नाही, एवढाच काय तो माझ्यात फरक पडलाय.

टिपणीच्या सुरुवातीला आम्ही काय काय धरून चाललोय ते लिहावं लागतं. गृहीतक क्रमांक एक: पात्र असलेला प्रत्येक जण परवाना घेईल. रुबेनने विचारलं, "प्रत्येक जण?" मी म्हटलं, "पंचवीस वर्षं थांबून हातात आलेलं कोण सोडेल?" त्याने मान्य केलं.

एकोणीस फेब्रुवारीला समितीपुढे सुनावणी आहे. डेल्टाच्या माहिती केंद्रातून फोनवर बोलता येतं. तुम्हाला बोलायचं असेल तर बोला. मी खोलीत असेन, पण माझ्याशी बोलायची सक्ती नाही.

तिन्ही पत्रं आज टाकते.

आर्डिस


जुनो, २१ फेब्रुवारी

बाबा,

तुम्ही बोललात.

समितीची खोली तुम्ही पाहिलेली नाही. लांब टेबल, मधोमध एक काळा स्पीकर, आणि त्यातून राज्यभरची माणसं खोकत असतात. अध्यक्ष म्हणाले, "डेल्टा जंक्शनहून कोण आहे?" आणि स्पीकर म्हणाला, "ऑरव्हल टोलफसन. शेतकरी. म्हणजे होतो. आता नुसताच म्हातारा." सगळे हसले. मी भिंतीला टेकून उभी होते ती खुर्चीत बसले. सहा वर्षांनी तुमचा आवाज ऐकत होते. थोडा घोगरा झालाय. शेगडीचा धूर अजून घरात येतो ना? तरी सांगत होते.

"बाईंनी कायदा चांगला आणलाय," तुम्ही म्हणालात. "माझ्या खुब्यात लोखंड आहे नि डोळा एकच धड आहे. सोडतीच्या भरवशावर बसलो तर बायसन माझ्या थडग्यावरचं गवत खायला येईल, मी त्याला आणायच्या आधी."

मग अध्यक्षांनी मला उभं केलं. "किती लोकांना मिळेल?" मी म्हटलं, "चौसष्ट. गटाने अर्ज भरणारे त्रेचाळीस यात बसत नाहीत." स्पीकरमधून तुमचा श्वास ऐकू येत होता. माझाही तुम्हाला येत असेल.

मॅडॉक्सबाई चमकल्या. "बसत नाहीत? असं मला करायचंच नव्हतं." अध्यक्षांनी विचारलं, "गटाने भरलं की नंबर लागायची शक्यता घटते ना?"

"घटते."

"मग लोक भरतात कशाला?"

मी म्हटलं, "ते आमच्या आकड्यांत नाही, साहेब."

तेवढ्यात स्पीकर खरखरला. "मी सांगू का?"

"टोलफसनसाहेब, तुमची दोन मिनिटं संपली."

"बायसन म्हणजे काय ससा आहे होय, खिशात घालून घरी आणायला? जोडीला माणूस लागतंच की!"

खोलीभर हसू पिकलं नि त्यांनी तुमची लाइन बंद केली. मीही हसले. घरी आल्यावर लक्षात आलं. शिकार ओढायला, कापायला बरोबर दहा माणसं नेली तरी त्यांना परवाना लागत नाही. हे तुम्हाला ठाऊक नाही? बावीस वर्षं शिकाऱ्यांना तुम्हीच सांगत होतात. तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

आता माझंही एक भांडं बाहेर काढते. क्रेग बरा आहे असं मी लिहिलं होतं. असेलही. दोन वर्षांपूर्वी तो सिएटलला गेला तो तिकडचाच झाला. तुम्ही त्याला कधीच पसंत केलं नव्हतं, तेव्हा मनातल्या मनात हसून घ्या आणि विषय सोडा.

आज सोडत लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी यादी उघडून बघितली. आपलं नाव नाही. 'आपलं' असं लिहिताना बरं वाटलं, म्हणून दोनदा लिहिते. आपला नंबर लागला नाही.

आर्डिस


जुनो, १६ मे

बाबा,

कायदा झाला. तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल, तरी माझ्याकडून ऐका. मॅडॉक्सबाईंनी दुरुस्ती आणली: गटातल्या पंचाहत्तरीपुढच्या माणसालाही परवाना, पण त्याने आधी गटातून नाव काढून घ्यायचं. मला टिपणी नव्याने करावी लागली. आता एकशे सातच्या एकशे सात, आणि बोजा साडेबावन्न हजार. तिजोरी सांभाळणाऱ्यांनी नाकं मुरडली. एक जण म्हणाला, "म्हातारी माणसं आहेत, थोडं थांबलो तर खर्च आपोआप कमी होईल." मॅडॉक्सबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने बाईंच्या बाजूने हात वर केला.

गटातून बाहेर पडायचा कागद सोबत आहे. एकच सही, तुमची. एक नोव्हेंबरच्या आत आमच्याकडे यायला हवा. मुदत चुकली तर पुन्हा नाही, ही एकदाचीच सोय आहे. लाल पेनाने फुली मारून ठेवलीय, तिथे सही करा. चष्मा लावून करा.

बाबा, मी विनवते. माझं नाव खोडा. मला अजिबात वाईट वाटणार नाही. शेजारच्या वासिलचा ट्रॅक्टर आहे, त्याची मुलं आता हीऽ एवढाली झाली असतील, आणि मी सुट्टी काढून येईन, सुऱ्या धरून उभी राहीन, म्हणाल ते कापीन. परवाना तुमचा, बायसन तुमचा. तुम्ही ऐंशीचे व्हाल. सोडतीत दीडशेत एकाचा नंबर लागतो, हे मी मोजलेलं आहे. पुढच्या दीडशे वर्षांचं पथ्यपाणी तुमच्याच्याने व्हायचं नाही.

एक गोष्ट राहिली. मनाला खात होतं म्हणून रुबेनला त्या सह्यांचं खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं होतं. पंचेचाळीस वर्षांची बाई सहीत असला गोल काढते होय? मी विचारायलाच नको होतं, म्हणजे तुला खोटं बोलावं लागलं नसतं." मग म्हणाला, "पण पुढच्या वर्षीपासून सही खरी हवी, म्हाताऱ्याला सांग." मी म्हटलं, आता पुढचं वर्ष कशाला येतंय.

जून-जुलैत फोन केला तर उचलाल का? नुसतं 'हं' म्हणालात तरी चालेल.

आर्डिस


जुनो, ४ नोव्हेंबर

बाबा,

काल कागद मोजले. गटवाल्या त्रेचाळिसांपैकी बेचाळीस आले. पुन्हा मोजले. कुठला नसेल हे न बघताच कळलं होतं, तरी टी अक्षराचा खण पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला.

नाही म्हणजे नाही. मुदत संपली.

जुलैत तीनदा फोन केला, तीनदा तुम्ही उचललात, हवामान सांगितलंत, वासिलच्या बटाट्यांना कीड लागली हे सांगितलंत. ऑगस्टात मी विचारलं, "कागद पाठवलात ना?" तर म्हणालात, "शेगडीजवळ आहे." मला वाटलं शेगडीजवळ म्हणजे टेबलावर, हाताशी. शेगडीत टाकायच्या खोक्यात असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही! पालथ्या घड्यावर पाणी. एकतीस वर्षं वाट बघितलीत, खुब्यात लोखंड आहे, डोळा एक आहे, राज्याने कायदा करून दारात आणून ठेवलं, आणि हा माणूस सही करत नाही. अहो, साधं आपलं नाव लिहायचं होतं. माझं बरं लिहायला येतं!

मी भयंकर चिडले आहे. शनिवारपर्यंत फोन करणार नाही.

आर्डिस


जुनो, २१ नोव्हेंबर

बाबा,

पाकीट मिळालं. धुरावलेल्या सामन माशाच्या पट्ट्या रुबेनला दाखवायची चूक केली, अर्ध्या त्याने खाल्ल्या. त्याच्या सासूसाठी दोन मागून नेल्या त्या वेगळ्याच.

गटातून बाहेर पडायचा कागद परत पाठवलात, सहीची जागा कोरी. बरं झालं, निदान जळला नव्हता. त्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलंय ते मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय. पण पुन्हा लिहिते, म्हणजे माझ्याही अक्षरात राहील:

"पोरी, तुझी टिपणी वासिलच्या मुलीकडून वाचून घेतली. आकडे बरोबर आहेत. खोपटाच्या वेळीही बरोबर होते, ते मला तेव्हाच ठाऊक होतं. एकट्याचा बायसन मला नको, तो मी एकोणीस वर्षांपूर्वीच सोडला. यंदाचा अर्ज सोबत आहे. माझी सही केली आहे. तुझी तू कर. माझा हात आता कापतो, तो गोल नीट येत नाही."

त्याखाली 'बाबा' लिहिलंय. 'ओ. टोलफसन' नाही.

मी ते कचेरीत वाचलं. रडले. सगळ्यांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही. रुबेनने दार लावलं, मग म्हणाला, "टिपणीत दुरुस्ती करावी लागेल. एकशे सहा. गृहीतक क्रमांक एक चुकलं. कारण काय लिहू?" मी सांगितलं, कारणाची जागा कोरी ठेव. त्याने ठेवली. राज्याचे चारशे नव्वद डॉलर वाचले, तुमच्या हट्टापायी. वर तुमचे दहा डॉलर आले, माझे दहा आले. मॅडॉक्सबाईंना कळलं तर त्या माझंच डोकं फोडतील.

दीडशेत एक, बाबा. गटाला त्याहून थोडं कमीच. आयुष्यभर मी जे काम केलं त्या हिशोबाने हा निव्वळ वेडेपणा आहे आणि मी तो करणार आहे. मुदत पंधरा डिसेंबर. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून अर्ज इथल्या खिडकीवर मी स्वतःच देणार, आणि दहा तारखेच्या विमानाने फेअरबँक्सला उतरणार. वासिल न्यायला येतो म्हणालाय. तुम्ही गाडी काढू नका, एका डोळ्याने हायवेवर यायचं नाही. नाताळ करून जाईन. धुराड्याचा नवा नळा घेऊन येतेय, तो खोपटाला नाही तर घराला तरी बसवू.

सही करायला अर्धा तास लागला. पंचवीस वर्षांत तो गोल काढला नव्हता, हाताला सवय नाही. आधी कागदाच्या मागे सराव केला, तुम्ही केलेल्या तीस सह्यांची झेरॉक्स समोर ठेवून. तुमचे गोल माझ्यापेक्षा चांगले आहेत. एकही बिघडलेला नाही.

आता केली आहे. टिंबाच्या जागी गोल आहे. जरासा वाकडा आलाय, पण माझा आहे.

तुमची पोरगी,
आर्डिस